आवाज करायची परवानगी

अर्जात ‘कार्यक्रमामुळे होणारा आवाज’ असा एक रकाना होता. मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि शेवटी ‘मध्यम’ असं लिहिलं. समोर बसलेल्या ग्रंथपाल मॅडमनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मध्यम म्हणजे किती? मुलांच्या विभागाइतका, की त्याहून जास्त?” मुलांच्या विभागात तेव्हा दोन भावंडांची एकाच पुस्तकावरून झोंबाझोंबी चालली होती.

“साधारण तितकाच,” मी म्हटलं. “पण सुरात.”

त्यांनी शिक्का मारला.

मी पियानो शिकायला लागलो तो चौतिसाव्या वर्षी. त्याला आता बारा वर्षं झाली. आजवर वाजवलं ते बाईंच्या घरी, इतर विद्यार्थ्यांपुढे, म्हणजे ज्यांना आपापल्या पाळीची काळजी असते आणि त्यामुळे दुसऱ्याचं फारसं ऐकूच येत नाही अशा लोकांपुढे. बाई सत्तरीच्या आहेत. एक दिवस त्या म्हणाल्या, “वाचनालयात पियानो आहे. कोणी हात लावत नाही त्याला. जाऊन विचार.” मी विचारलं. इथवर गोष्ट सोपी होती.

मॅडमच्या अटी सरळ होत्या. प्रवेश सर्वांना खुला. कार्यक्रमासाठी वाचनालय बंद ठेवणार नाही, पुस्तकं देणं-घेणं चालूच राहील. ज्याला ऐकायचं नाही त्याला वाचायचा हक्क आहे आणि तो माझ्या हक्काच्या आधी येतो. मग त्यांनी विचारलं, “ज्यांचं संगीत वाजवणार, ते हयात आहेत का?” मी यादी दाखवली: बाख, मोत्झार्ट, शोपँ, सती, ब्राम्स, शूमान. त्यातला सगळ्यात अलीकडे गेलेला सती, तोही १९२५ मध्ये. म्हणजे कॉपीराइटच्या हक्कांचा प्रश्न मिटला, असं मला वाटलं. “रचना मोकळी झाली म्हणून छापील प्रत मोकळी होत नाही,” मॅडम म्हणाल्या. नव्याने संपादित केलेल्या आवृत्तीवर संपादकाचा आणि प्रकाशकाचा हक्क असू शकतो, तेव्हा तिच्या झेरॉक्स काढून आमच्या इमारतीत आणू नका. पानं उलटायला लागू नयेत म्हणून मी नेमकं तेच करणार होतो. मग घरातल्या जुन्या, जीर्ण आवृत्त्या शोधून काढल्या आणि त्यांच्या प्रती पुठ्ठ्यावर चिकटवल्या. बाखची सगळ्यात जुनी प्रत मी याच कामासाठी कपाटातून काढली. तिने पुढे मला इंगा दाखवलाच.

व्हायोलिन वाजवणारा आपलं वाद्य खांद्याला लावून येतो. गवयी तंबोरा लोकांसमोर हवा तसा मिळवून घेतो, आणि लोक तेही कौतुकाने ऐकतात. पियानोवाल्याला मात्र तिथे जे असेल त्याच्याशीच संसार करावा लागतो. वाचनालयातला पियानो अप्राइट, म्हणजे उभ्या पेटीचा होता, कोणीतरी कधीकाळी दिलेला. नवी आलेली पुस्तकं मांडून ठेवायला त्याचा वरचा भाग बरा पडायचा. पहिल्या भेटीत मी पुस्तकं उतरवली, झाकण उघडलं आणि एक टोक ते दुसरं टोक अशा सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून दाबल्या. हे बाईंनी बजावलं होतं: पहिल्यांदा रचना वाजवायची नाही, पट्ट्या मोजायच्या. वरच्या टोकाच्या दोन पट्ट्या ठकठक करत होत्या, स्वर जवळजवळ नव्हताच. मधली एक दाबली की उठायला वेळ लावत होती. उजवं पेडल अर्ध्यापर्यंत खाली जाईतो काहीच करत नव्हतं आणि मग तारांना गप्प ठेवणारे सगळे डॅम्पर एकदम उचलत होतं.

डाव्या पेडलने खरी निराशा केली. ग्रँड, म्हणजे आडव्या पियानोत डावं पेडल दाबलं की पट्ट्यांसकट सगळी यंत्रणा किंचित बाजूला सरकते, हातोडी तीनऐवजी दोनच तारांवर पडते आणि आवाजाचा रंग बदलतो. अप्राइटमध्ये हातोड्या फक्त तारांच्या जवळ आणून ठेवल्या जातात. आवाज थोडा कमी होतो, रंग तोच. माझ्या मूळ यादीत द्यबुसीचं ‘क्लेअर द ल्यून’ होतं आणि मी ते सहा महिने घासत होतो. त्या दुपारी चार ओळी वाजवल्या आणि यादीतून खोडून टाकलं. त्यात खोलीचाही हात होता. मी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. ती जिथल्या तिथे विरली. गालिचा, पडदे आणि चारी भिंतींना पुस्तकं. पुस्तकांचा कप्पा आवाज किती पितो याचा अनुभव मला तोवर नव्हता. घरी, रिकाम्या भिंतींच्या खोलीत, माझं पेडल फार चांगलं आहे असा माझा समज होता. ते पेडल नव्हतंच, भिंतींची उदारता होती.

पुढचे दोन महिने बाईंनी मला रचना शिकवल्या नाहीत. त्या मला येतच होत्या. त्यांनी तीन गोष्टी करायला लावल्या. रोज एकदा, बाहेरून आल्या आल्या, हात गरम न करता, सबंध कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचा आणि तो रेकॉर्ड करायचा. काहीही झालं तरी थांबायचं नाही. मग प्रत्येक रचनेत चार-पाच ‘थांबे’ ठरवायचे, जिथून डोळे मिटूनही सुरू करता येईल. बाई मध्येच टाळी वाजवायच्या आणि म्हणायच्या, “तिसरा थांबा.” मी तिथून सुरू करायचा. पहिल्या आठवड्यात मला कळलं की मला रचना ‘पाठ’ नव्हत्या. माझ्या बोटांना त्या एका दमात म्हणता येत होत्या, एवढंच. मध्येच तुटलं तर माझी गत परवचा म्हणणाऱ्या पोरासारखी, पुन्हा बे एके बेपासून. तिसरी गोष्ट, महिन्याभरात निदान तीन परक्या पियानोंवर वाजवून यायचं. त्यातला एक इतका बेसूर होता की माझी बोटं बरोबर असूनही कान त्यांना चुकीची ठरवत होते. बाईंना नेमकं तेच हवं होतं.

“चुकलास तर चूक तिथेच सोड,” त्या म्हणायच्या. “मागे जाऊन दुरुस्त केलीस की लोकांना ती दोनदा ऐकावी लागते.”

कागद न ठेवता वाजवायचं ते फक्त बाख आणि शूमान. बाकी पुठ्ठे समोर. मला याची थोडी लाज वाटत होती. बाईंनी आठवण करून दिली की संगीतकार शूमानची पियानोवादक बायको क्लारा हिने तरुण वयात पाठ वाजवायला सुरुवात केली तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला होता. कागद समोर ठेवणं ही तेव्हाची सभ्यता होती. एकट्याने सबंध कार्यक्रम करायची कल्पनाही तशी फार जुनी नाही. पियानोवादक फ्रांझ लिस्टने १८४० मध्ये लंडनच्या आपल्या कार्यक्रमाला ‘रिसायटल’ हा शब्द वापरला, तेव्हा पियानोवर कोणी ‘पठण’ कसं करणार, असं लोक विचारत होते म्हणे.

कार्यक्रमाच्या आधी तीन दिवस, सकाळी वाचनालय उघडण्यापूर्वी, ट्यूनर आले. त्याआधी मी आणि दोन कर्मचाऱ्यांनी पियानो भिंतीपासून वीतभर पुढे ओढून थोडा तिरका केला होता. अप्राइटचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, मागच्या बाजूला असतो. तो भिंतीला चिकटला की आवाज भिंतीलाच ऐकू जातो. हे काम ट्यूनिंगच्या आधीच उरकायचं, नंतर ढकलाढकली केली की लावलेले सूर हलू शकतात. ट्यूनरनी स्वरकाटा लावून पाहिला आणि जीभ चावली. मधला ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर हवा, तो बराच उतरला होता. एका पियानोत सुमारे २३० तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. एक बाजू चढवली की दुसरी उतरते. म्हणून त्यांनी आधी सगळा पियानो घाईघाईने वर ओढला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश. एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन फेल्टची पट्टी घालून मुक्या करायच्या, एक लावायची, मग दुसरी तिला मिळवायची. दोन तारा जवळ येतात तेव्हा आवाजात एक लाट ऐकू येते, वँव-वँव-वँव. ती लांबत जाते, आणि मग नाहीशी होते. ते नाहीसं होणं ऐकत मी दोन तास बसलो. कार्यक्रमापेक्षा ते ऐकायला लोक बोलवायला हवे होते, असं आजही वाटतं.

ट्यूनर गेल्यावर मी शूमान वाजवून पाहिला आणि कुठूनतरी झणझण ऐकू आली.

डाव्या हाताचा एक एफ, मधल्या सी-पासून खाली जाताना दुसरा भेटतो तो. दाबला की खोलीत कुठेतरी पत्र्यावर माशी आपटावी तसा आवाज. पहिल्यांदा वाटलं तार सैल आहे. पण पियानोच्या आत डोकं घातलं तर आवाज आत नव्हता. या स्वराची सेकंदाला सुमारे ८७ कंपनं होतात. खोलीतली ज्या वस्तूला तेवढीच कंपनं आवडतात, ती वस्तू त्याला ओ देते. वस्तू कोणती, एवढाच प्रश्न. मी एफ दाबत बसलो आणि ग्रंथपाल मॅडम खोलीभर फिरू लागल्या. दिव्याची तबकडी, खिडकीची कडी, घड्याळ. प्रत्येकावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हां, दाबा.” मी दाबायचा. “नाही. पुढे.” असं वीस-पंचवीस वेळा झालं असेल. तेवढ्यात उघडायची वेळ झाली आणि पहिले वाचक आत आले. एक माणूस एकच स्वर पुन्हापुन्हा वाजवतो आहे आणि वाचनालयाच्या प्रमुख भिंतींना हात लावत फिरताहेत, हे बघून त्यांना काय वाटलं असेल ते असो. कोणी काही विचारलं नाही. वाचकांची ही सवय मला फार आवडते.

सापडलं ते प्रवासवर्णनांच्या कप्प्यात. पुस्तकं कलंडू नयेत म्हणून शेवटी पत्र्याचा एक काटकोनी बुकएंड लावतात. तिथला सैल होता. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. आवाज बंद. बोट उचललं. झणझण. त्यांनी शेजारच्या कप्प्यातून तीन जाडजूड पुस्तकं आणून ओळीत कोंबली, बुकएंड घट्ट बसला आणि एफ निमूट झाला. दोघांनाही इतका आनंद झाला की आम्ही उगाचच आणखी पाच वेळा तो वाजवून पाहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. बसले साधारण तीस जण. त्यातले आठ-दहा ओळखीचे, बाई तिसऱ्या रांगेत. एक आजोबा पहिल्या रांगेत बसून वर्तमानपत्र वाचत होते. बहुधा ती त्यांची रोजची जागा होती आणि खुर्च्या नंतर त्यांच्याभोवती आल्या. माझे हात गार पडले होते. रोज गार हातांनी वाजवलं होतं, त्यामुळे निदान ती ओळखीची गोष्ट होती. बसायला वाचनालयाची खुर्ची. ती दोन बोटं बुटकी, म्हणून घरून घडी करून नेलेली चटई खाली घातली.

सुरुवात बाखच्या सी मेजर प्रिल्यूडने, १७२२ च्या संग्रहातला पहिलाच. ऐकायला सगळ्यात सोपा, म्हणूनच फसवा: पहिल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत एकच ठसा, फक्त स्वरसंघ बदलत जातात. एकूण ३५ बार, म्हणजे मात्रांचे ३५ गट. जुन्या आवृत्त्यांत मात्र बाविसाव्या आणि तेविसाव्याच्या मध्ये एक जास्तीचा बार आढळतो. तो बाखचा नाही. अठराव्या शतकात श्वेंके नावाच्या संगीतकाराने तो घातला, त्याला तिथली उडी फार खडबडीत वाटली असावी. पुढे फ्रेंच संगीतकार गुनोने या प्रिल्यूडवर ‘आवे मारिया’ची धून बसवली तीही तो बार धरूनच, त्यामुळे जगाच्या कानात तो रुतून बसला आहे. मी लहानपणापासून ‘आवे मारिया’ ऐकलेला. बाईंनी तो बार माझ्या बोटांतून काढायला दोन वर्षांपूर्वी महिनाभर घेतला होता. आणि गेले दोन महिने माझ्या टेबलावर ती जुनी प्रत उघडी पडली होती.

त्या दिवशी मी ३६ बार वाजवले. बोटं श्वेंकेच्या बारमध्ये शिरली तेव्हा मला कळलं, पण बाहेर पडायचा रस्ता पुढूनच होता. कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, उलट तेवढीच जागा जरा गोड वाटली असेल. टाळ्यांत मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बाईंनी एक बोट वर केलं होतं. एक.

मग मोत्झार्टचा सोनाटा, के. ५४५. त्याने १७८८ मध्ये स्वतःच्या यादीत याची नोंद ‘नवशिक्यांसाठी’ अशी केली आहे आणि त्याच्या नवशिक्यांना माझा नमस्कार. पहिला भाग संपताच टाळ्या पडल्या. तीन भाग संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात, असा संकेत आहे. माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मागे वळून लोकांकडे रागाने पाहिलं. मला मात्र बरं वाटलं. १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोत्झार्ट सांगतो की त्याच्या सिंफनीचा पहिला भाग चालू असतानाच, मधल्या एका जागेला लोकांनी टाळ्या दिल्या. आणि ती जागा आवडणार हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं. तो खूश होता. मी कोण रागावणार? तिसऱ्या भागात उठायला वेळ लावणारी ती पट्टी दोनदा अडकली. तेवढे दोन स्वर लोकांनी मनातल्या मनात भरून घेतले असावेत.

शोपँचा ई मायनर प्रिल्यूड अवघा २५ बारांचा. डावा हात स्वरसंघ हळूहळू खाली उतरवत नेतो आणि वर उजवा हात बी, सी, बी, सी असा दोन शेजारच्या स्वरांवर झुलत राहतो, जणू काही बोलायचं आहे पण सुचत नाही. पुस्तकं नोंदवून घ्यायची यंत्रं दाराजवळ दोन होती. मॅडमनी आवाज बंद केला होता तो एकाचा. नवव्या-दहाव्या बारला दुसरं यंत्र वाजलं: टीं. थोड्या वेळाने पुन्हा: टीं. आणि पुन्हा. माझे कान खोटं सांगत नसतील तर तो स्वर बी आणि सी यांच्या बरोबर मध्ये होता. कोणीतरी तीन पुस्तकं घरी न्यायला काढली होती. कोण ते मला दिसलं नाही, पण त्याच्या वाचनप्रेमाबद्दल त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

सतीच्या पहिल्या जिम्नोपेदीत पहिल्या रांगेतल्या आजोबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. गंमत म्हणजे त्यांनी ते एका ओळीच्या शेवटी, श्वास घ्यायच्या जागी उलटलं. पुढचंही तसंच. १८८८ ची ती रचना, ‘संथ आणि वेदनेने’ अशी सूचना वर छापलेली. तिला ती सळसळ इतकी शोभली की मी तिसऱ्या पानाची वाट पाहायला लागलो.

ब्राम्सच्या ए मेजर इंटरमेझोबद्दल मला काही आठवत नाही, म्हणजे तो बरा झाला असणार. म्हातारपणी, १८९३ मध्ये, त्याने हा संच क्लाराला अर्पण केला होता. त्या पाठोपाठ तिच्या नवऱ्याचं वाजवणं हा क्रम मी मुद्दाम ठेवला होता. त्याबद्दल कोणीच मला काही विचारलं नाही.

शेवटी शूमानचं ‘ट्रॉयमेराय’, १८३८ चं. लहान मुलांसाठी नव्हे, मोठ्यांनी लहानपण आठवण्यासाठी लिहिलेल्या तेरा तुकड्यांतला सातवा. एफ मेजर. पहिला स्वर वर गेला, डावा हात खालच्या एफवर पडला.

झणझण.

मग डोक्यात प्रकाश पडला. तीन टीं, तीन पुस्तकं. कोणीतरी प्रवासवर्णनं घेऊन गेलं होतं. आमचीच, कोंबलेली. बुकएंड पुन्हा मोकळा. मधल्या रचनांत तो कुठे वाजला असेल तर मला ऐकू आला नव्हता, पण या रचनेत त्या एफशिवाय पान हलत नाही. थांबायचं नाही. डावा हात हलका ठेवला तर झणझण कमी होत होती पण जात नव्हती, आणि हलका ठेवून ठेवून मी रचनेचीच हवा काढून घेत होतो. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, ग्रंथपाल मॅडम मागच्या खुर्चीवरून उठल्या. भिंतीच्या कडेकडेने, चप्पल न वाजवता, प्रवासवर्णनांपाशी गेल्या आणि बुकएंडवर तळवा टेकवून उभ्या राहिल्या.

पुढचा एफ स्वच्छ आला. मी हात पुन्हा जड केला.

शेवटचा स्वरसंघ पेडलवर धरून ठेवला. त्या सुक्या खोलीत तो घरच्या निम्माही टिकला नाही. आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. टाळ्या सुरू झाल्या, मी उठून मागे पाहिलं, तर मॅडमना टाळ्या वाजवता येत नव्हत्या. मी पेडल सोडलंय हे त्यांना कळलं नव्हतं आणि त्यांचा हात अजून कप्प्यावरच होता.